फिलर शिकण्यासाठी कॅडेव्हर वर्कशॉप: जावं का, आणि जायचं तर काय बघून?

लातूरची_स्किन

नमस्कार मंडळी. इथे बरेच डॉक्टर वाचतात म्हणून विचारते.

मी एमडी स्किन. लातुरात स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. मुरुम, पांढरे डाग, केस गळणं आणि नायटा यावर घर चालतं. स्टेरॉइड मिसळलेली मलमं मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतात तोवर नायट्याचे पेशंट काही कमी होत नाहीत. पण हल्ली वेगळीच गर्दी सुरू झालीय. लग्न ठरलेल्या मुली मोबाइल पुढे करतात, "मॅडम, ओठ असे पाहिजेत." चाळिशीच्या बायका डोळ्यांखालचा खड्डा दाखवतात. एका इच्छुक उमेदवाराला आचारसंहिता लागायच्या आत कपाळावरच्या आठ्या घालवून हव्या होत्या!

आठ्यांचं बोटॉक्स मी करते. फिलरला, म्हणजे ओठ-गाल भरायच्या जेलच्या इंजेक्शनला, मात्र हात धजत नाही. आमच्या सरकारी कॉलेजात पीजीला ते शिकायची सोयच नव्हती, तिथे ओठ भरून घ्यायला कोण येणार? नंतर कंपनीचं ट्रेनिंग झालं. हॉटेलचा हॉल, पडद्यावर एक सर टोचताहेत, आम्ही खुर्च्यांवर बसून बघतोय, मग सर्टिफिकेट आणि जेवण. जेवण चांगलं होतं.

आता बेंगळुरूला एक वर्कशॉप आहे, दोन दिवस, फक्त चेहरा, फ्रेश फ्रोझन कॅडेव्हरवर, म्हणजे रसायनात न मुरवता नुसत्या गोठवलेल्या मृतदेहावर. फी माझ्या क्लिनिकच्या भाड्याचा विचार करता भलतीच आहे. नवरा ऑर्थोचा, तो म्हणतो डोळे झाकून जा. सासरे म्हणतात त्या पैशात लेझरचा एक हप्ता जाईल. मेलेल्या शरीरावर टोचून जिवंत चेहऱ्याचं खरंच काही कळतं का? की मोठ्या फीचं दुसरं सर्टिफिकेट घेऊन यायचं? कुणी गेलं असेल तर सांगा.

नाक_समोर (प्लास्टिक सर्जन, पुणे)

थोडक्यात सांगतो, ओपीडीत आहे. जा, पण त्याआधी फुकटातलं करून घ्या. तुमच्या गावात ईएनटी किंवा कॅन्सर सर्जन पॅरोटिडची (कानापुढच्या लाळग्रंथीची) ऑपरेशनं करत असेल तर त्यांना विचारून थिएटरात उभ्या राहा. फेशियल नर्व्हच्या, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेच्या, फांद्या जिवंत, ओल्या, रक्ताने भरलेल्या टिश्यूत बघायला मिळतील. ते कुठल्याही कॅडेव्हरवर मिळत नाही.

दुसरं, चुकून धमनीत गेलेलं फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये असल्याशिवाय फिलरची पहिली सिरिंजही मागवू नका. आपल्याकडे १५०० युनिटची वायल मिळते. एक नव्हे, चार-पाच ठेवा. डीलोरेन्झी यांनी २०१७ मध्ये मांडलेली पद्धत वाचून घ्या. साधारण ओठाएवढ्या भागाला दर तासाला ५०० युनिट, भाग वाढला की डोस वाढवायचा, रंग आणि कॅपिलरी रिफिल (त्वचा दाबून सोडली की लगेच भरणारं रक्त) परत येईपर्यंत. एक वायल अशी बघता बघता संपते. आणि हे फक्त हायलुरोनिक ॲसिडच्या फिलरला. कॅल्शियमवाल्या फिलरवर त्याचा उपयोग नाही, तेव्हा सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

हॉल_नंबर_दोन

लातूरच्या डॉक्टर, प्रश्न नीट विचारलाय म्हणून सविस्तर लिहिते. मी ॲनाटॉमीची. सरकारी कॉलेजांत फर्स्ट एमबीबीएसला शिकवण्यात नोकरी गेली, आता निवृत्त. शेवटी शेवटी स्किनच्या आणि प्लास्टिकच्या पीजींसाठी चेहऱ्याची डिसेक्शनं घ्यायचे, अजूनही बोलावलं की जाते. टोचायचं कसं ते मला विचारू नका. मी जिवंत माणसाला आयुष्यात फिलर दिलेलं नाही. पण दुसऱ्यांनी टोचलेलं कुठे जाऊन बसलं ते कातडी उघडून बरंच पाहिलंय.

धमन्यांचा नकाशा पाठ करायला जाणार असाल तर जाऊ नका. तो पुस्तकात आहे. शिवाय फेशियल आर्टरी दोन माणसांत सोडा, एकाच माणसाच्या दोन गालांतही सारखी जात नाही. जबड्याच्या कडेवर, मॅसेटर या चावायच्या स्नायूच्या पुढच्या काठाशी ती वर चढते, तिथे बोट ठेवलं की ठोका लागतो. इथवर ती वचनाला जागते. पुढे कधी नाकाच्या कडेने डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचते, कधी वरच्या ओठाला फांदी देऊन तिथेच आटोपतं घेते, कधी नेझोलेबियल घडीच्या (नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणाऱ्या) आतून जाते, कधी बाहेरून. नर्व्हचंही तसंच. डिंगमन आणि ग्रॅब यांनी १९६२ साली शंभर अर्धे चेहरे उघडून खालचा ओठ हलवणारी मार्जिनल मँडिब्युलर नर्व्ह तपासली. आर्टरीच्या मागच्या बाजूला ८१ टक्के चेहऱ्यांत ती जबड्याच्या कडेच्या वर होती, १९ टक्क्यांत खाली उतरलेली. तुमच्यासमोर खुर्चीत बसलेली बाई ८१ मधली की १९ मधली, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

मग शिकायचं काय? खोली. आपल्या सुईचं टोक या क्षणी कोणत्या थरात आहे, ते डोळ्यांनी न बघता हाताला कळणं. धमनी डावी-उजवीकडे सरकते, पण ती कोणत्या थरातून जाते हे त्यामानाने ठरलेलं असतं. वरच्या ओठाची आर्टरी बहुतेकांत स्नायूच्या मागे, आतल्या ओल्या त्वचेलगत असते. नाकाच्या वाहिन्या मुख्यतः स्नायूच्या थराच्या वर, म्हणून तिथे हाड-कूर्चेला चिकटून राहा असं सांगतात. थर कळला की धोका जातो असं मी म्हणणार नाही, निम्मं काम होतं.

कानशिलाचं उदाहरण घ्या, मी पहिलं टेबल नेहमी तिथूनच सुरू करते. त्वचा, चरबी, मग सुपरफिशियल टेम्पोरल फॅशिया (फॅशिया म्हणजे आवरण). हा पातळ थर, यातच त्या नावाची आर्टरी आणि याच्याच खालच्या अंगाला फेशियल नर्व्हची कपाळाकडे जाणारी फांदी. ती फांदी कुठून जाते त्याची रेघ पितांगी यांनी १९६६ मध्ये आखून दिली: ट्रॅगसच्या (कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याच्या) अर्धा सेंटिमीटर खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वर. मग एक सैल थर, त्याखाली डीप टेम्पोरल फॅशिया, पांढरी, चकचकीत, जाड. मग स्नायू, मग हाड. सुई या जाड फॅशियाला टेकली की ढोलकीच्या पुडीवर बोट दाबल्यासारखं लागतं, मग ती 'टक्' करून आत जाते, आणि पुढे हाड. हा टक् व्हिडिओत दिसत नाही. मी वर्णन केल्यानेही तुम्हाला तो कळलेला नाही. पण एकदा स्वतःच्या अंगठ्याखाली लागला की विसरत नाही.

आता माझी पद्धत सांगते, कारण वर्कशॉप निवडताना हेच बघायचं. मी कुणालाही थेट टोचू देत नाही. आधी कागदावर लिहायला लावते: कोणता थर, किती मिलि, टोक कुठे असेल. मग रंग मिसळलेलं फिलर टोचायचं. मग त्याच माणसाने फ्लॅप, म्हणजे कापलेला कातडीचा पदर, उचलायचा, दुसऱ्याने नव्हे. कागदावर 'हाडावर' असतं आणि निळा गोळा स्नायूच्या पोटात सापडतो. कॅन्युला (बोथट टोकाची सुई) 'स्मासच्या', म्हणजे चरबीखालच्या स्नायू-आवरणाच्या थराच्या, 'खाली' घातलेली असते आणि रंग निघतो वरच्या चरबीत. चांगले चांगले, नाव असलेले इंजेक्टर त्या वेळी गप्प होतात. गप्प झाले की पुढच्या टेबलावर हात हलका होतो.

हे रंग घालून बघण्याचं तंत्र माझं नव्हे. गालातली चरबी म्हणजे एकसलग गादी आहे असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. २००७ मध्ये रोरिक आणि पेसा यांनी कॅडेव्हरच्या गालात मिथिलीन ब्लू हा निळा रंग सोडला आणि रंग ठरावीक कप्प्यांच्या भिंतींशी अडला. तुम्ही आज 'मीडियल चीक फॅट', 'डीप चीक फॅट' म्हणता ते त्यातून आलं. अडणं हेही बोटाने शिकायचं असतं. गालाच्या हाडाशी त्वचेखालून बोट सरकवत गेलं की झायगोमॅटिक लिगामेंटपाशी ते थांबतं, दहावी-बारावीच्या पोरालाही कळेल इतकं स्पष्ट. वयाबरोबर चेहरा कुठे ओघळतो आणि कुठे अडकून राहतो याचं उत्तर तिथे आहे. जिथे लिगामेंट आहे तिथे फिलर ढकलून काही उपयोग होत नाही, ते बाजूला फुगतं.

आता भीतीचं. दोन भुवयांमधली जागा, म्हणजे ग्लाबेला, आणि नाक. सुप्राट्रॉक्लिअर आर्टरी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या सरळ वर कपाळावर येते. ती डोळ्याला रक्त देणाऱ्या ऑफ्थॅल्मिकची फांदी, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या इंटर्नल कॅरोटिडच्या घरची. सुईचं टोक तिच्यात गेलं आणि जोराने दाबलं तर फिलर उलटं मागे, ऑफ्थॅल्मिकपर्यंत ढकललं जातं. दाब सोडला की ते रक्ताबरोबर पुढे रेटिनाच्या धमनीत. डोळा गेला. २०१५ मध्ये जगभरातल्या ९८ अशा केसेस एकत्र मांडल्या गेल्या, त्यात पहिला नंबर ग्लाबेलाचा, दुसरा नाकाचा. २०१९ च्या पुढच्या यादीत नाक पहिलं. आणि पहिल्या यादीत सगळ्यात जास्त केसेस पेशंटची स्वतःची चरबी टोचलेल्या होत्या, फिलरच्या नव्हे. 'स्वतःची चरबी म्हणजे नैसर्गिक, म्हणून सुरक्षित' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

किती फिलर लागतं त्याला? कॅडेव्हरवर मोजलंय. ग्लाबेलापासून डोळ्याच्या खोबणीच्या टोकापर्यंत त्या आर्टरीची सरासरी क्षमता ०.०८५ मिलि. एक दशांश मिलिसुद्धा नाही. एका वेळी ०.१ पेक्षा कमी सोडा आणि हळू सोडा, हा नियम असल्या मोजमापांतून आलेला आहे, कुणाच्या घाबरटपणातून नव्हे. सुई ओढून रक्त येतंय का ते बघण्यावर फार विसंबू नका. सुईच्या नळीत जेल भरलेलं असतं, रक्त येत नाही म्हणजे तुम्ही बाहेर आहात असं नाही. २७ नंबरची बारीक कॅन्युलाही सुईसारखीच धमनीत घुसू शकते. २५ किंवा २२ घ्या, नंबर कमी तितकी ती जाड.

कॅडेव्हर कोणता, हे विचारा. फॉर्मॅलिनमधली बॉडी आमच्या एमबीबीएसच्या पोरांना ठीक. हाडांची छिद्रं, नर्व्हचा माग, स्नायू कुठून कुठे, सगळं दिसतं. पण टिश्यू राखाडी आणि ताठ होतो, थर एकमेकांवर सरकत नाहीत. त्यात फिलर टोचणं म्हणजे वेळ घालवणं. थील पद्धतीची बॉडी मऊ राहते, सांधे हलतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थील, त्यांनी १९९२ मध्ये ती प्रसिद्ध केली. खारं पाणी, बोरिक ॲसिड, ग्लायकॉल आणि फॉर्मॅलिन नावापुरतं. फ्रेश फ्रोझन सगळ्यात जिवंतासारखं, पण वितळायला वेळ द्यावा लागतो आणि एकदा वितळलं की घड्याळ सुरू होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी टिश्यू पहिल्या सकाळसारखा राहत नाही. म्हणून फ्रेश फ्रोझन असेल तर पहिल्या सकाळी भाषणं ठेवणारा आयोजक मला बिनडोक वाटतो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी तपासलेलं आहे का, हे विचारायला लाजू नका. धमन्यांत लाल लॅटेक्स भरलंय का तेही विचारा. नाहीतर रिकामी धमनी चपटी होऊन पडते आणि नवख्याला ती दिसतच नाही.

अजून एक, जे माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. देह देणारे बहुतेक म्हातारे असतात. दात गेलेले. दात गेले की खालच्या जबड्याचा वरचा भाग झिजतो आणि मेंटल फोरामेन, म्हणजे हनुवटीकडच्या नर्व्हचं छिद्र, त्याच्या वरच्या काठाशी येऊन बसतं. तुमची पंचविशीतली नवरी तशी नसते. आणि पुष्कळांचं नेत्रदान आधीच झालेलं असतं. पूर्ण डोळा काढलेला असेल तर टिअर ट्रफची (डोळ्याखालच्या खड्ड्याची) ती बाजू शिकायला तितकी विश्वासाची राहत नाही. ते टेबल तुमच्या वाट्याला आलं तर डोळ्याखालचं शेजारच्या टेबलावर बघा, खालच्या चेहऱ्याचं आपल्या टेबलावर करा.

आणि कॅडेव्हर जे शिकवत नाही ते नाहीच शिकवत. रक्त अडलं की जिवंत त्वचेचं होतं तसा तो पांढरा पडत नाही, त्याच्या त्वचेवर जाळी उमटत नाही, तो "दुखतंय" म्हणत नाही. स्नायू आकसत नाहीत, त्यामुळे बोटॉक्सचं त्यातलं निम्मंच. पुण्याच्या डॉक्टरांनी हायलुरोनिडेजचं लिहिलंय ती तयारी वेगळी, ती घरी स्टाफला घेऊन करायची.

लातूरची_स्किन

मॅडम, तुमचे आभार कसे मानू. फर्स्ट एमबीबीएसला चेहऱ्याचं डिसेक्शन मी केलं होतं म्हणजे काय, एका टेबलाभोवती इतके जण की मला कायम कान दिसायचा. विचारायच्या गोष्टी लिहून घेतल्या आणि आयोजकांना फोन केला. एका हेडला, म्हणजे मृतदेहाच्या एका डोक्याला, किती जण, विचारलं तर आधी म्हणाले "पर्सनल अटेन्शन असतं." आकडा मागितला तेव्हा चार सांगितला. चार चालतील का?

हॉल_नंबर_दोन

चार म्हणजे कड. दोन जणांना चेहऱ्याची एकेक बाजू, हे उत्तम. चौघांत दोघं टोचतात, एक कापतो आणि चौथा व्हिडिओ काढतो. तुम्ही चौथ्या होऊ नका. शिवाय व्हिडिओ काढू देतात का, हेही विचारा. देत असतील तर ते ठिकाण मला आवडणार नाही.

गर्दीचं म्हणाल तर खरं आहे. १९९७ पासून फर्स्ट एमबीबीएस दीड वर्षाचं एक वर्ष झालं आणि सगळ्यात आधी कात्री लागली ती डोकं आणि मानेला, कारण ते शेवटी यायचं. परीक्षा तोंडावर आली की प्रोसेक्टेड स्पेसिमेन (आधीच कापून ठेवलेले नमुने) दाखवून मोकळं व्हायचं. तुम्हाला कान तरी दिसला.

डोंबिवली_फास्ट

मी डॉक्टर नाही, वाचत होतो. लिहावं की नाही असा विचार करून लिहितोय.

माझ्या आईने देहदान केलं. फॉर्म तिने स्वतः भरला होता, आम्हा भावंडांच्या सह्या हट्टाने घेतल्या होत्या. गेली ती रात्री. ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट, बर्फ, कॉलेजला फोन, ॲम्ब्युलन्स, नातेवाइकांची कुजबुज, की अग्नी नाही म्हणजे पुढचं कसं. सगळं निभावलं, कारण ती म्हणायची, माझ्यावर पोरं शिकतील, डॉक्टर होतील. आता इथे वाचतोय की अशाच देहांच्या ओठात निळं औषध भरून सराव करतात, आणि त्याची मोठी फी असते. राग नाही, पण कसंतरी झालं. आईला हे विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती का, ते मला सांगता येत नाही.

हॉल_नंबर_दोन

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. कसंतरी व्हायलाच हवं, ते घालवायला मी बसलेली नाही. मला जे ठाऊक आहे ते सांगते.

महाराष्ट्रात हे १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली चालतं. दान केलेला किंवा बेवारस देह मान्यता दिलेल्या वैद्यकीय आणि शिक्षणसंस्थांकडे जातो, खासगी क्लिनिककडे नाही. अमेरिकेत हॉटेलच्या बॉलरूममध्ये शरीराचे भाग आणून असली शिबिरं भरतात, २०१७ मध्ये रॉयटर्सने त्यावर मोठी शोधमालिका केली होती. तसं इथे करायला गेलात तर पोलीस येतील, आणि यावेत. तुमच्या आईंचा देह ज्या कॉलेजात गेला तिथे त्यांच्यावर बहुधा फर्स्ट एमबीबीएसचीच मुलं शिकली. आता बऱ्याच कॉलेजांत ती मुलं पहिल्या दिवशी देहासमोर उभी राहून शपथ घेतात. काही वात्रट असतात, पण त्या दिवशी हॉलमध्ये कुणी हसलेलं मी पाहिलं नाही.

फीचं मात्र तुमचं बरोबर आहे. हॉल, गोठवण्याची सोय, तपासण्या, माणसं, याला खर्च लागतो आणि तो संस्थेने घ्यावा. फॉर्मवर 'शिक्षण आणि संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं, त्यात डॉक्टरांचं पुढचं प्रशिक्षणही येतं असं संस्था धरतात. माझ्या मते फॉर्ममध्ये ते वेगळं विचारायला हवं, रकाना हवा. मी ज्या ज्या विभागात होते तिथे हे बोलले, ऐकून घेतलं गेलं. फिलर कंपनीचा बॅनर हॉलच्या दाराबाहेर लागला तर मी काही म्हणत नाही, दाराच्या आत लागला तर मी परत फिरते.

'कॉस्मेटिकसाठी' म्हणून वाईट वाटत असेल तर एवढंच सांगते. फिलर घेणाऱ्या बायका ते घेणारच आहेत. ज्यांचा डोळा गेला त्या धडधाकट चालत क्लिनिकमध्ये गेलेल्या होत्या.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. डोंबिवलीच्या दादांच्या मुद्द्यावर इथलं सांगतो. २००४ च्या ह्युमन टिश्यू ॲक्टप्रमाणे शरीर ॲनाटॉमीसाठी द्यायचं तर माणसाने जिवंतपणी स्वतः लेखी संमती द्यायची, साक्षीदारासमोर. मागे राहिलेल्या मुलाबाळांना ती देता येत नाही. बेवारस वगैरे प्रकारच नाही. संस्थेला ह्युमन टिश्यू ऑथॉरिटीचं लायसन्स लागतं.

गंमत पुढे आहे. मेलेल्या चेहऱ्याला इतकं जपणाऱ्या या देशात जिवंत चेहऱ्यात फिलर कुणीही टोचू शकतं. डॉक्टर, नर्स, ब्यूटिशियन, कुणीही. बोटॉक्स प्रिस्क्रिप्शनवर आहे, फिलर नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना टोचण्यावर इंग्लंडमध्ये बंदी आली ती १ ऑक्टोबर २०२१ पासून. लायसन्सची पद्धत आणायचा अधिकार सरकारने २०२२ च्या कायद्यात घेतला. माझ्या दवाखान्यात वाकडे, गाठाळलेले ओठ घेऊन पोरी येतात आणि कुणी टोचलं विचारलं तर म्हणतात, नखं करते ती. तेव्हा लातूरच्या मॅडम फिलरला घाबरतात हे वाचून मला बरं वाटलं.

वैद्य_सोलापूर

मी बीएएमएस, कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा केलाय. सुश्रुताने देह वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून थराथराने त्वचा घासून काढत बघायला सांगितलं, ते आम्हीही शिकलोय. अशा वर्कशॉपला आम्हाला घेतात का?

नाक_समोर (प्लास्टिक सर्जन, पुणे)

वैद्यराज, ॲनाटॉमी बघायला घेतही असतील, ज्ञानाला कुणाची ना नाही. पण तिथून सर्टिफिकेट घेऊन आल्यावर फिलर करता येईल असा अर्थ काढू नका. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांट आणि एस्थेटिक प्रोसिजरबद्दल जे काढलं त्यात स्पष्ट म्हटलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही. हे आमच्या एमबीबीएसवाल्यांनाही लागू. डिप्लोमा विकणारे हे सांगत नाहीत.

लातूरची_स्किन

मंडळी, नाव घातलं. दोघांना एक हेड अशी बॅच पुढच्या वेळी आहे, थोडं थांबून तीच घेतली. सासऱ्यांना मॅडमची पोस्ट वाचून दाखवली, ते "डोळा गेला" पर्यंत ऐकून उठले आणि म्हणाले, जा. तोवर इथल्या ईएनटी सरांच्या थिएटरात उभी राहतेय, परवा पॅरोटिड आहे. मॅडम, सोबत काय नेऊ?

हॉल_नंबर_दोन

दोघांची बॅच, छान. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा. तिथे फॉर्मॅलिनचा हॉल शेजारी असला तरी डोळे चुरचुरतात. लूप (भिंगाचा चष्मा) असेल तर न्या, ऑर्थोवाल्या नवऱ्याचा उसना चालेल. मुदत संपलेल्या फिलरच्या सिरिंज जमवायला आत्तापासून ओळखीच्यांना सांगून ठेवा, आयोजक प्रत्येकी एखादीच देतात आणि ती पहिल्या तासात संपते. तुम्ही जी सुई आणि कॅन्युला क्लिनिकमध्ये वापरणार तीच न्या, तिथली वापरून हाताला वेगळी सवय लावू नका. मिथिलीन ब्लू सिरिंजमध्ये थेंबभरच. जास्त झाला की सगळा चेहरा निळा होतो आणि मग काहीच कळत नाही.

जोडीला कोण येतंय ते आधी विचारून ठेवा. टोचायची हौस असलेला आणि कापायचा कंटाळा असलेला जोडीदार मिळाला तर तुमची चांदी, कापायचं सगळं तुमच्या वाट्याला येईल. आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी रात्रीचं काढा. जेवणानंतर लोक विमानाच्या वेळा सांगून एकेक निसटतात, टेबलं मोकळी होतात. टिश्यू तोवर सैलावलेला असतो, पण हाडापर्यंतचं सगळं तेव्हाच निवांत उघडता येतं, आणि शिकवणाराही तोवर घड्याळाकडे बघायचा थांबलेला असतो.